लोकर, कांद्याची सालं आणि तुरटी : वर्गात करून बघण्याजोगी नैसर्गिक रंगाई



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्या दिवसांत स्थानिक कारागिरी, हातकाम मुलांनी स्वतः करून बघावं अशी अपेक्षा आहे. मग प्रश्न पडतो, नेमकं काय घ्यायचं? मातीकाम, बांबूकाम आपण घेतोच. या लेखात आणखी एक उपक्रम सुचवतो आहे : वनस्पतींच्या रंगांनी लोकर रंगवणं. यात विज्ञान आहे, शेकडेवारीचं गणित आहे, थोडा इतिहास आहे, आणि खर्च फार नाही.

पण एक सावधगिरीची गोष्ट आधीच सांगायला हवी. विज्ञान प्रदर्शनांत 'इको-फ्रेंडली रंग' असा फलक लावलेला असतो आणि टेबलाखाली मोरचुदाची पुडी असते. रंग फुलाचा, पण तो पक्का करायला वापरलेलं द्रव्य विषारी! 'नैसर्गिक म्हणजे सुरक्षित' हे वाक्य मुलांच्या मनात असंच रुजतं. म्हणून रंगाइतकंच लक्ष आपण रंग धरून ठेवणाऱ्या द्रव्याकडे, म्हणजे रंगबंधकाकडे देऊ या.

लोकर म्हणजे नक्की काय?

मुलांना आधी हा प्रश्न विचारा : आजी केसांना मेंदी लावते तेव्हा केस रंगतात, तळहात रंगतो, नखंही रंगतात. पण मेंदी ज्या स्टीलच्या वाटीत भिजवली ती वाटी का रंगत नाही?

कारण केस, नखं आणि त्वचेचा वरचा थर केराटीन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. मेंदीतलं रंगद्रव्य या प्रथिनाला चिकटतं. मेंढीची लोकर म्हणजे मेंढीचे केसच. तीही केराटीनचीच. सुती कापड मात्र सेल्युलोजचं असतं. लोकरीच्या प्रथिनात आम्लधर्मी आणि आम्लारिधर्मी असे दोन्ही प्रकारचे गट असतात, रंगाला आणि धातूच्या आयनांना पकडायला तिच्याकडे जागा भरपूर असते. त्यामुळे सुतापेक्षा लोकर रंगवणं सोपं. शाळेत सुरुवात लोकरीनं करावी ती याचसाठी.

आता अडचण. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून विणकामाचे जे गुंडे मिळतात, ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. म्हणजे प्लास्टिकचा धागा. त्याला कांद्याचा रंग चढणार नाही, कितीही तुरटी घाला. म्हणून विकत घेण्याआधी वेष्टन वाचा. शंका असेल तर शिक्षकांनी स्वतः, मोकळ्या हवेत, चिमट्यात दोन इंच धागा धरून जाळून बघावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो, ती धुमसत जळते आणि उरलेली काळी राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

खरी पांढरी लोकर खादी भांडारात किंवा हातविणीचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी केल्यास मिळू शकते. राजस्थानात बिकानेर ही लोकरीची मोठी बाजारपेठ आहे. हिमाचलातूनही लोकर येते.

मग आपल्या दख्खनी मेंढीचं काय? धनगर बांधवांच्या कळपात दिसणारी ही मेंढी बहुतांशी काळी किंवा करडी. तिच्या लोकरीचं जे घोंगडं होतं, त्याचा काळा रंग कुणी चढवलेला नसतो, तो मेंढीचाच. खळ द्यायची तीही चिंचोक्याची. वनस्पतीचे रंग जलरंगांसारखे पारदर्शक असतात, काळ्या कागदावर पिवळा जलरंग जसा दिसत नाही तसं काळ्या लोकरीवर झेंडूचं पिवळं दिसत नाही. करड्या किंवा पांढुरक्या लोकरीवर मात्र मातकट, सुंदर छटा येतात. जवळपास मेंढपाळ असतील तर मुलांना कातरणीच्या वेळी घेऊन जा आणि थोडी फिकट लोकर विकत घ्या. मुलांना हेही सांगा की सगळ्यांत पर्यावरणपूरक रंग म्हणजे न रंगवलेला रंग. घोंगडं विणणाऱ्यांना तो शोधावा लागला नाही.

रंगबंधक कसं काम करतं?

बहुतेक वनस्पतिरंग पाण्यात सुटतात, तसेच पाण्यात निघूनही जातात. त्यांना धाग्याशी बांधायला मधे कुणीतरी लागतं. ते काम रंगबंधक करतं. इंग्रजीत त्याला मॉर्डंट म्हणतात, आणि हा शब्द 'चावणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. रंगबंधक धाग्याला चावून बसतं अशी जुन्या रंगाऱ्यांची कल्पना होती.

प्रत्यक्षात होतं ते असं. तुरटीमध्ये ॲल्युमिनियम असतं. पाण्यात त्याचे आयन मोकळे होतात आणि लोकरीच्या प्रथिनातल्या आम्लगटांना धरून बसतात. मग रंगाचा रेणू येतो आणि तो याच ॲल्युमिनियमला दोन बाजूंनी पकडतो, खेकडा नांग्यांमध्ये धरतो तसा. या पकडीला रसायनशास्त्रात 'कीलेट' म्हणतात, आणि गंमत म्हणजे तो शब्द नांगीला असलेल्या ग्रीक शब्दावरूनच आलेला आहे. एका हातात धागा, दुसऱ्या हातात रंग, आणि मधे धातू. वर्गात तीन मुलांना हात धरून उभं केलं की हे लगेच कळतं.

मधला धातू बदलला की रंगही बदलतो. तुरटीनं रंग उजळ राहतो, लोहानं तो काळवंडतो. कच्चं केळं चिरताना लोखंडी विळी काळी पडते, लोखंडी कढईत आवळा काळा होतो, ते याच कारणानं : टॅनिन आणि लोह एकत्र आलं की काळसर संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई बनवत, तीही याच तत्त्वावर.

कोणतं रंगबंधक चालेल, कोणतं नाही?

तुरटी : शाळेसाठी सर्वांत योग्य. घरात गढूळ पाण्यात फिरवतात तीच. मात्र 'जास्त घातली तर जास्त पक्का रंग' असं नसतं. प्रमाण वाढलं की लोकर चिकट लागते आणि उरलेली तुरटी पाण्याबरोबर वाया जाते.

हिरडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल, चहाचा चोथा : यांत टॅनिन असतं. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात ते त्यामुळेच. धातू अजिबात नको असेल तर हा पर्याय चांगला, पण टॅनिनचा स्वतःचा पिवळट-तपकिरी रंग त्यात मिसळतो हे लक्षात ठेवायचं.

लोह : हिराकस, किंवा गंजके खिळे गूळपाण्यात दोन आठवडे भिजवून केलेलं लोहपाणी. दक्षिणेकडच्या कलमकारीत काळा रंग गूळ-लोखंडाच्या अशाच पाण्यानं आणतात. हे अगदी थोडं वापरायचं. लोह जास्त झालं की लोकर खरखरीत आणि ठिसूळ होते.

लोध : या कुळातली झाडं जमिनीतलं ॲल्युमिनियम शोषून पानांत आणि सालीत साठवतात. इंडोनेशियातले पारंपरिक विणकर आलाच्या मुळांच्या लाल रंगासाठी याच कुळातल्या झाडांची पानं वापरतात. म्हणजे झाडानंच तयार केलेली तुरटी म्हणा ना! आपल्याकडे लोध औषधासाठी आधीच तोडला जातो, म्हणून त्याची साल काढू नका. मुलांना ही गोष्ट मात्र जरूर सांगा.

आता नको असलेली यादी. पोटॅशियम डायक्रोमेट बिलकूल नको, त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. मोरचूद नको, तो पोटात गेला तर विषारी आणि सांडपाण्यातून गेला तर मासे व जलचर यांना घातक. कथिलाचे क्षारही नकोत. जुन्या पुस्तकांत हे तिन्ही रंगबंधक म्हणून दिलेले सापडतील, म्हणून ते शाळेत चालतात असं नव्हे.

आणि मीठ, व्हिनेगर? मोबाइलवरच्या अनेक व्हिडिओंत 'रंग पक्का करायला मीठ घाला' असं सांगतात. मिठातलं सोडियम रंगाला अशी पकड देऊ शकत नाही. व्हिनेगरनं पाणी आम्लधर्मी होतं, त्यामुळे काही रंगांची छटा बदलते, पण ते रंगबंधक नव्हे.

प्रयोग : सात लड्या

प्रत्येकी ५ ग्रॅमच्या सात सैलसर लड्या करा. प्रत्येक लडीला दोऱ्याच्या गाठी मारा : पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा. कागदी चिठ्ठ्या पाण्यात टिकत नाहीत, गाठी टिकतात.

साहित्य : तुरटीची पूड, हिरड्याची पूड, हिराकस, कांद्याची कोरडी सालं २० ग्रॅम, झेंडूच्या ताज्या पाकळ्या २० ग्रॅम, बीट २० ग्रॅम, हळद पाव चमचा, रिठे, स्टीलचे उंच पेले सात, एक मोठं पातेलं, बारीक वजनाचा काटा. वीस ग्रॅम सालं म्हणजे चांगला मोठा ढीग होतो, म्हणून आठवडाभर आधी मुलांना घरून आणायला सांगा. झेंडूसाठी दसरा-दिवाळीनंतरची उतरवलेली तोरणं उत्तम. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाहीत.

१. धुणे. रिठ्याच्या कोमट पाण्यात लोकर अर्धा तास बुडवून ठेवा, चोळू नका. मग तेवढ्याच कोमट पाण्यात विसळा. धुण्याचा सोडा वापरू नका, तीव्र आम्लारीनं लोकर खराब होते. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम-गार धक्का बसला किंवा चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर नमद्यासारखी घट्ट होते. म्हणून पूर्ण प्रयोगाचा नियम एकच : पाणी हळू तापवायचं, हळू निवू द्यायचं, ढवळायचं जपून.

२. रंगबंधक देणे. दोन, तीन, पाच आणि सात क्रमांकाच्या लड्यांना तुरटी द्यायची. लोकर २० ग्रॅम, तुरटी तिच्या वजनाच्या १२ टक्के. म्हणजे किती? हे गणित मुलांना करू द्या. उत्तर २.४ ग्रॅम. तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून पाऊण लिटर पाण्यात मिसळा, ओल्या लड्या सोडा, मंद आचेवर पाऊण तासात ८० अंश सेल्सियसपर्यंत न्या आणि तासभर तिथेच ठेवा. तापमापी नसेल तर वाफ येते, कडेला बारीक बुडबुडे दिसतात, पण उकळी फुटत नाही, ती अवस्था ओळखा. रात्रभर त्याच पाण्यात निवू द्या. चौथ्या लडीला वेगळ्या पेल्यात १ ग्रॅम हिरड्याच्या गाळलेल्या काढ्यात असंच ठेवा. पहिली आणि सहावी लडी नुसती कोमट पाण्यात भिजवा.

३. रंग काढणे. कांद्याची सालं लिटरभर पाण्यात पाऊण तास मंद उकळून गाळा. झेंडू, बीट आणि हळद प्रत्येकी वेगवेगळी, पाव लिटर पाण्यात.

४. रंगवणे. कांद्याचं पाणी मोजून सारखं चार पेल्यांत ओता. त्यांत एक ते चार क्रमांकाच्या लड्या सोडा. पाचवी बिटात, सहावी हळदीत, सातवी झेंडूत. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून पाणी भरा आणि सातही पेले त्यात ठेवून एकदमच तापवा. त्यामुळे सगळ्यांना तापमान सारखं मिळतं आणि इंधनही एकदाच लागतं. साधारण तासभर ८० अंशांच्या आसपास ठेवा, मग निवू द्या.

५. लोहाचा हात. १ ग्रॅम हिराकस १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. हे झालं एक टक्क्याचं द्रावण. तिसऱ्या लडीला लोकरीच्या २ टक्के हिराकस हवं, म्हणजे ०.१ ग्रॅम. इतकं वजन शाळेच्या काट्यावर होत नाही, पण १० मिलिलिटर द्रावण मोजणं सहज जमतं. द्रावण कशाला करतात, याचं याहून चांगलं उदाहरण पुस्तकात मिळणार नाही. तिसरी लडी बाहेर काढा, पेल्यात हे १० मिलिलिटर घाला, ढवळा, मग लडी परत सोडा आणि दहा-पंधरा मिनिटांत रंग कसा बदलतो ते मुलांना बघू द्या.

शेवटी सगळ्या लड्या कोमट पाण्यात विसळा आणि सावलीत वाळवा.

काय दिसेल?

पहिली (रंगबंधक नाही) : फिकट बदामी-तपकिरी. रंगबंधकाशिवायही थोडा रंग चढतो, कारण लोकर मुळातच रंग धरणारी.
दुसरी (तुरटी) : उजळ सोनेरी-नारिंगी.
तिसरी (तुरटी आणि लोह) : गडद शेवाळी.
चौथी (हिरडा) : पिवळट तपकिरी.
पाचवी (बीट) : पातेल्यात लालभडक, धुतल्यावर निराशा.
सहावी (हळद) : झगझगीत पिवळी.
सातवी (झेंडू आणि तुरटी) : स्वच्छ, तेजस्वी पिवळी.

एकाच कांद्याच्या पाण्यातून चार रंग निघतात, हे बघून मुलं थक्क होतात. पण प्रयोग इथे संपवू नका.

रंग टिकतो का? खरी परीक्षा

प्रत्येक लडीतून वीतभर लांबीचे दोन तुकडे कापा. एक तुकडा साध्या साबणाच्या पाण्यात धुवा. दुसरा पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धा भाग काळ्या कागदानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत तीन आठवडे ठेवा. मग कागद काढून दोन्ही भाग शेजारी-शेजारी बघा.

बिटाचा रंग धुण्यातच जातो. त्यातली बीटालेन गटाची रंगद्रव्यं उष्णतेनं मोडतात आणि धाग्याला धरून राहत नाहीत. हळदीचा तुकडा साबण लागताच लालसर होतो, कारण हळद हा आम्ल-आम्लारी ओळखणारा दर्शक आहे. आणि उन्हात ती भराभर उडते. आईनं हळदीचा डाग पडलेला कपडा धुऊन उन्हात टाकायला सांगितलं असेल तर त्यामागचं कारण हेच. कांदा-तुरटी आणि झेंडू-तुरटी या लड्या बऱ्याच टिकतील. लोहाची आणखी टिकेल.

मुलांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगा : जे दिसलं तेच वहीत लिहायचं. 'बीट – रंग टिकला नाही' हीसुद्धा पूर्ण गुण मिळवणारी नोंद आहे. प्रदर्शनात बिटाची ती उडालेली लडीही मांडा. टिकलेल्या आणि उडालेल्या लड्या शेजारी ठेवल्या तरच बघणाऱ्याला रंगबंधकाचं महत्त्व कळतं.

काळजी

शेगडीजवळ फक्त मोठ्यांनी थांबावं. तुरटी आणि हिराकस मुलांच्या हाताशी ठेवू नये. हिराकस पोटात गेलं तर लहान मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते. पूड मोजताना नाकातोंडावर रुमाल बांधावा. अंगणातलं कुठलंही फूल उकळायला घेऊ नये : कण्हेर, धोतरा ही झाडं नैसर्गिकच आहेत आणि विषारीही आहेत. जिवंत झाडाची साल काढू नये. कांद्याची सालं, डाळिंबाची टरफलं, निर्माल्यातला झेंडू, गळून पडलेली पळसाची फुलं एवढ्यावर वर्षभराचे उपक्रम भागतात.

तुरटीचं उरलेलं पाणी लगेच ओतू नका. थोडी तुरटी घालून पुढच्या लड्यांना तेच वापरा. शेवटी भरपूर पाणी घालून उघड्या जमिनीवर ओता. विहीर, ओढा किंवा भाजीचा वाफा टाळा. चोथा खतात जाऊ द्या.

थोडा इतिहास, थोडी चर्चा

मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला, तो मंजिष्ठ वर्गातल्या रंगानं रंगवलेला होता. म्हणजे रंगबंधकाची युक्ती या उपखंडात हजारो वर्षं जुनी. मग १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलानं कोळशाच्या डांबरापासून क्विनीन बनवायच्या खटपटीत जांभळा रंग शोधला. १८६८ मध्ये मंजिष्ठ वर्गातल्या मुळांमधलं ॲलिझरीन प्रयोगशाळेत तयार झालं आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. काही दशकांतच रंगांची शेती बसली.

यावर मुलांशी बोला. सगळ्या जगाचे कपडे झेंडूनं रंगवायचे ठरवले तर किती जमीन, किती पाणी, किती इंधन लागेल? कृत्रिम रंग वाईटच का? की सांडपाणी शुद्ध न करता सोडणं वाईट? आपल्या सात लड्यांना किती लिटर पाणी लागलं, ते कमी कसं करता येईल? या प्रश्नांची उत्तरं तयार नसतात, आणि म्हणूनच ती विचारण्यासारखी आहेत.

पालकांसाठी एक शेवटचं. घरी करायचं असेल तर दोनच लड्या करा : एक तुरटी दिलेली, एक न दिलेली. कांद्याची सालं तर रोजच निघतात. तीन आठवड्यांनी खिडकीतला पुठ्ठा मुलालाच उघडू द्या, आणि काय दिसलं ते त्यालाच सांगू द्या.